क्षयरोग्याची शुश्रूषा : चरकापासून आजपर्यंत

पटकी, देवी आणि प्लेग ह्या रोगांनी आपल्या पूर्वजांची घरेच्या घरे ओस पाडली, हे आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. हे रोग वादळासारखे येत आणि वादळासारखेच निघून जात. परंतु एक व्याधी अशी आहे की, ती कधी गाजावाजा करून आली नाही, आणि आली ती पुन्हा गेली नाही. अंगात मुरलेला बारीक ताप, दिवसेंदिवस सुकत जाणारे शरीर, न थांबणारा खोकला आणि अखेरीस थुंकीतून रक्त, अशा पावलांनी ती घरात शिरे व बहुधा घरातील कर्त्या, तरुण माणसासच उचलून नेई. प्राचीनांनी तिला राजयक्ष्मा म्हटले, लोकभाषेत ती क्षय झाली, आणि पुढे टी. बी. ह्या दोन अक्षरांनी ती घरोघर ओळखली जाऊ लागली.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे; आयुष्य शाळेत खडू व फळा ह्यांच्या संगतीत गेलेले. तेव्हा वैद्यकशास्त्राची मीमांसा करण्याचा त्याचा अधिकार नाही. परंतु इतिहास चाळीत असताना एक प्रश्न वारंवार मनात येत गेला. ज्या काळी ह्या रोगावर रामबाण औषधच नव्हते, त्या काळी खाटेवर पडलेल्या रोग्याला काय मिळत असे? त्याला कोणी काय खाऊ घातले, कोठे ठेवले, आणि आप्तस्वकीय त्याच्याशी कसे वागले? ह्या प्रश्नाचा मागोवा घेणे मनोरंजक तर आहेच, पण आपल्या आजच्या वर्तनाच्या दृष्टीने बोधप्रदही आहे, असे वाटल्यावरून हा अल्प प्रयत्न केला आहे.

प्रारंभ आपल्या घरापासूनच करू. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा आठवा अध्याय राजयक्ष्म्यास वाहिलेला आहे. रोहिणीवरच आसक्त झालेल्या चंद्राला दक्षाच्या शापाने क्षय जडला, ही सुपरिचित कथा तेथे आहे. पण ग्रंथकार कथेवर थांबत नाही. शक्तीबाहेरचे श्रम, मलमूत्रादी वेगांचे धारण, शरीरातील धातूंचा क्षय आणि अवेळी, अयोग्य भोजन, अशी चार कारणे तो देतो. जंतूची कल्पना त्या काळी नव्हती. तथापि उपाशी व राबून थकलेल्या शरीरास हा रोग लवकर धरतो, हे निरीक्षण त्यात स्पष्ट उमटले आहे.

उपचार पाहू गेल्यास त्यात औषधाइतकाच अन्नाचा विचार दिसतो. मांसरस, दूध, तूप, शेळीचे मांस ही योजना प्रमुख. रोग्याला एखाद्या मांसाची किळस येत असेल, तर त्याच्या आवडीच्या मांसाचे नाव सांगून ते द्यावे, इतक्या बारकाव्याने सूचना केली आहे. आपल्याकडे घरोघर ठाऊक असलेले सितोपलादी चूर्ण ह्याच अध्यायातले. अंगाला स्निग्ध अभ्यंग, कोमट दूध व स्नेहयुक्त पाण्यात स्नान, स्नेह्यांचा सहवास, गाणेवाजवणे आणि धीराचे शब्द, ह्या साऱ्यांची गणना तेथे चिकित्सेतच केली आहे. सर्वांत महत्त्वाची सूचना ही की, ज्याचे शरीर क्षीण झाले आहे त्याला वमन-विरेचनासारखे शोधन देणे विषासमान होय. हा इशारा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

त्याच संहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. म्हणजे शुश्रूषा करणारा हा वैद्याच्या व औषधाच्या पंक्तीस बसवलेला आहे. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. प्रेम हा गुण वैद्यकाच्या ग्रंथात नोंदविला जावा, ही गोष्ट लहान नव्हे.

सुश्रुतसंहितेत दोन गोष्टी विशेष आढळतात. शेळीचे दूध, तूप व मांस ह्यांच्या जोडीने शोषाच्या रोग्याने शेळ्यांच्या सान्निध्यात राहावे, असे तेथे सांगितले आहे; शेळीच्या दुधावरची आपल्या आजीबाईंची श्रद्धा इतकी जुनी आहे. दुसरी गोष्ट अधिक विचारार्ह. निकट सहवास, स्पर्श, श्वास, सहभोजन, एका शय्येवर निजणे ह्यांमुळे जे रोग एका माणसापासून दुसऱ्याकडे जातात, त्यांच्या यादीत कुष्ठ व ज्वर ह्यांच्याबरोबर शोषाचेही नाव आहे. म्हणजे हा रोग सांसर्गिक आहे हे प्राचीनांनी ओळखले होते, आणि तरीही रोग्याची सेवा प्रेमाने करावी असेच त्यांचे सांगणे होते. सावधगिरी आणि माया ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे त्यांना वाटले नाही.

अर्थात ह्या उपायांनी रोग हटे असे मानण्याचे कारण नाही. काही रोगी आपल्या शरीराच्या जोरावर सावरत. पुष्कळसे खंगत जात. पेशव्यांच्या दारी वैद्यांची आणि द्रव्याची वाण नव्हती, तरी थोरले माधवराव ह्यांना ह्याच रोगाने गाठले. इ. स. १७७० साली कर्नाटकच्या स्वारीवर असता प्रकृती ढासळली. मोहिमेची सूत्रे त्र्यंबकराव पेठे ह्यांच्या हाती सोपवून त्यांना परतावे लागले. अखेर थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. पानिपताच्या घावातून राज्य सावरणारा पुरुष हा घाव मात्र सोसू शकला नाही. राजाला आणि रंकाला ह्या रोगापुढे एकच न्याय होता.

आता पश्चिमेकडे वळू. तेथील प्राचीन वैद्यकही आरंभी आपल्याहून फारसे निराळे नव्हते. ग्रीक वैद्यांनी ह्या रोगाला झिजणे ह्या अर्थाचे नाव दिले होते, आणि तो बहुतांशी अठरा ते पस्तीस ह्या वयात जडतो, असे हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात नमूद आहे. रोमन काळातील सेल्सस हा ग्रंथकार रोग्याला इटलीहून अलेक्झांड्रियाचा समुद्रप्रवास करावयास सांगतो. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील सुप्रसिद्ध वैद्य गेलेन हा व्हेसुव्हियस पर्वताजवळच्या स्टाबिए येथील कोरडी हवा व तेथील गाईंचे दूध ह्यांचा पुरस्कार करी. विश्रांती, दूध आणि चांगली हवा ही त्रयी येथेही आहेच.

मध्ययुगात इंग्लंड व फ्रान्स ह्या देशांत एक चमत्कारिक प्रथा रूढ झाली. मानेच्या गाठींचा क्षय, म्हणजे आपण ज्याला गंडमाळ म्हणतो तो विकार, राजाच्या हस्तस्पर्शाने बरा होतो अशी समजूत होती. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने आपल्या कारकीर्दीत नव्वद हजारांहून अधिक माणसांना असा स्पर्श केला, असे सांगतात. पुढे इंग्रजी शब्दकोशकार म्हणून कीर्ती पावलेल्या सॅम्युअल जॉन्सनला तान्हेपणीच हा विकार झाला होता. १७१२ साली त्याच्या आईने त्याला अ‍ॅन राणीपुढे नेले होते. जॉन्सनच्या मानेवरचे व्रण जन्मभर तसेच राहिले. ह्या समजुतीला आज आपण हसू. पण इतके खरे की, ज्याला लोक जवळ येऊ देत नसत त्या रोग्याच्या अंगाला निदान एकदा राजाचा हात लागत होता.

परंतु पुढे विद्येचा प्रसार झाला तसतसा रोग्याचा छळ कमी व्हावा, तो काही बाबतींत उलट वाढला. एक मत असे दृढ झाले की, फुप्फुसात रक्ताचा दाह होतो म्हणून हा रोग होतो. तेव्हा रक्त काढावे आणि आहार तोडावा. इंग्रज कवी जॉन कीट्स हा ह्या मताचा बळी म्हणता येईल. तो स्वतः वैद्यकाचे शिक्षण घेतलेला होता. फेब्रुवारी १८२० मध्ये खोकल्याबरोबर पडलेल्या रक्ताचा रंग पाहूनच त्याने आपले मरण ओळखले. त्याची आई आणि धाकटा भाऊ ह्याच रोगाने गेले होते, व त्या भावाची शुश्रूषा त्यानेच केली होती. हवापालटासाठी त्याला रोमला नेले. तेथील डॉक्टर जेम्स क्लार्क ह्यांनी त्याचे रक्त काढले, आणि दिवसाकाठी एक लहानसा खारवलेला मासा व पावाचा तुकडा एवढ्यावर त्याला ठेवले. रोगी भुकेने व्याकूळ होऊन अन्न मागे. डॉक्टर दुष्ट नव्हते. त्या काळच्या उत्तम विद्येप्रमाणेच ते वागत होते. क्षीण झालेल्याला आणखी क्षीण करू नये, हा चरकाचा इशारा येथे आठवल्यावाचून राहत नाही. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी पंचविसाव्या वर्षी कीट्स निवर्तला. जोसेफ सेव्हर्न नावाच्या त्याच्या चित्रकार मित्राने रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून त्याला खाऊ घातले, पुस्तके वाचून दाखविली, आणि अखेरच्या क्षणी त्याला आपल्या बाहूंत धरले. त्या खोलीत त्याला जे काही सुख मिळाले, ते औषधाने नव्हे, ह्या मित्राने दिले.

मृत्यूनंतर कायद्यानुसार त्या खोलीतील सामान जाळण्यात आले. कारण दक्षिण युरोपात रोगाच्या भीतीने कडक हुकूम जारी झाले होते. नेपल्स राज्यात १७८२ च्या हुकुमाने असा रोगी आढळल्यास डॉक्टराने सरकारला कळविणे सक्तीचे झाले होते. सुप्रसिद्ध संगीतकार शोपँ १८३८ साली मायोर्का बेटावर हवापालटास गेला. त्याला क्षय आहे असे कळताच घरमालकाने त्याला बाहेर काढले आणि जाळावयाच्या बिछान्याचा खर्चही मागितला. भर हिवाळ्यात एका ओसाड मठात त्याला आसरा घ्यावा लागला. सांसर्गिक रोगापासून सावध राहणे योग्यच. पण येथे सावधगिरीबरोबर माया राहिली नाही. रोग जाळावयाचा तो रोग्यालाच घराबाहेर लोटले गेले.

रोगाचे खरे कारण उजेडात आले ते २४ मार्च १८८२ रोजी. त्या दिवशी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू आपण शोधून काढल्याचे जाहीर केले. शाप, पूर्वकर्म, कुळाचा दोष, ह्या साऱ्या कल्पना त्या दिवशी निराधार ठरल्या. मात्र कारण सापडले म्हणून औषध सापडले असे झाले नाही. १८९० साली कॉखने ट्यूबरक्युलिन नावाचा उपाय पुढे केला, त्याने जगभर आशा पल्लवित झाली. पण त्याने रोग बरा होईना. रोगाचे निदान करण्यापुरताच पुढे त्याचा उपयोग उरला.

कारण ठाऊक पण उपाय नाही, अशा ह्या मधल्या काळात महाराष्ट्राने आपले एक कन्यारत्न गमावले. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या त्या खंगलेल्या शरीरानेच. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. एवढी वैद्यविद्या संपादन केलेल्या स्त्रीला देण्यासारखे औषध ना पूर्वेकडे होते, ना पश्चिमेकडे.

औषध नसताना उपचाराची जी उत्तम पद्धत निघाली, ती आरोग्यधामांची. हर्मान ब्रेमर ह्या डॉक्टराने १८५४ मध्ये तेव्हाच्या प्रशियातील, आज पोलंडमध्ये असलेल्या एका डोंगराळ खेड्यात ह्या पद्धतीचा पाया घातला. रोग्याने उघड्या व्हरांड्यात लांब खुर्चीवर तासन्‌तास निवांत पडून राहावे, दिवसातून अनेकदा दूध व सकस आहार घ्यावा, ताप मोजावा, थुंकी झाकणाच्या भांड्यातच टाकावी, असा तेथील क्रम असे. पुढे फुप्फुसाभोवती हवा भरून ते काही काळ मिटवून ठेवण्याची क्रिया इटालियन डॉक्टर फोर्लानिनी ह्यांनी प्रचारात आणली. काहींच्या तर फासळ्या काढून फुप्फुस दाबले जाई. ह्यांतून काही जण वाचले, कित्येक वाचलेही नाहीत.

हिंदुस्थानातील पहिले आरोग्यधाम अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ मध्ये निघाले. पुढे १९१२ मध्ये कुमाऊंच्या पहाडात भोवाली येथे, आणि १९१५ मध्ये दक्षिणेत मदनपल्ली येथे अशी धामे उभी राहिली. आपल्याकडे पाचगणीची कोरडी हवा आणि मिरजेजवळची वानलेसवाडी ह्यांची नावे जुन्या पिढीच्या परिचयाची आहेत. पंडित नेहरूंच्या पत्नी कमलाबाई ह्यांनी भोवालीस उपचार घेतले. नंतर युरोपात नेऊनही २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान येथे त्या निवर्तल्या. ज्यांची ऐपत होती त्यांची ही कथा. खाटांची संख्या मूठभर आणि रोगी लक्षावधी, तेव्हा सामान्य कुटुंबातील रोग्याला घराच्या मागील पडवीत वेगळे ताटवाटी देऊन ठेवीत. आणि रोगी सून असली तर बहुधा तिची रवानगी माहेरी होई. हवा मोकळी ठेवावी, थुंकी जपावी, हे शास्त्र समाजापर्यंत पोहोचले नाही. पोहोचली ती भीती तेवढी.

अखेर औषध सापडले. अमेरिकेत सेल्मन वॅक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ ह्या तरुण संशोधकाने १९४३ साली मातीतील सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. त्यामागून पास, आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही औषधे आली. एकच औषध दिले तर जंतू निर्ढावतो आणि दोन-तीन औषधे एकत्र, पुरेशी मुदत दिली तर तो नष्ट होतो, हेही लवकरच कळून आले.

ह्यानंतरचा अध्याय आपल्या देशात लिहिला गेला, ही अभिमानाची गोष्ट होय. १९५६ साली मद्रास येथे क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधन करणारे केंद्र निघाले. प्रश्न असा होता की, लक्षावधी गरीब रोग्यांना आरोग्यधामात ठेवणे अशक्य. मग दाटीवाटीच्या वस्तीत, आपल्या घरीच राहून रोगी बरा होईल काय? रोग्यांचे दोन गट केले. एकास आरोग्यधामातील विश्रांती, शुश्रूषा व सकस आहार, दुसरा गट आपल्या घरी, आपल्या नेहमीच्या तुटपुंज्या आहारावर. औषधे मात्र दोघांस एकच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांतील रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले. आणि घरी राहिलेल्या रोग्यांच्या कुटुंबीयांना, धामातील रोग्यांच्या कुटुंबीयांपेक्षा अधिक प्रमाणात हा रोग झाला नाही. रोग्याला घराबाहेर घालविण्याची शेकडो वर्षांची कारणमीमांसा ह्या एका प्रयोगाने कोसळली. पुढे जगातील अनेक देशांनी हाच मार्ग पत्करला.

मग आहाराचे महत्त्व संपले काय? तसे नाही. झारखंड राज्यातील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २८०० रोग्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांची त्यात पाहणी होती. ज्या घरांतील कुटुंबीयांना धान्य, डाळी व पोषक गोळ्या पुरविल्या, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण इतरांच्या मानाने ३९ टक्क्यांनी कमी आढळले. रोगी बरा होतो तो औषधाने. पण त्याच्या सभोवारच्या माणसांचे रक्षण पोटभर अन्नाने होते. उपाशी देहाला राजयक्ष्मा धरतो, हे चरकाचे निरीक्षण दोन हजार वर्षांनी अशा रीतीने मोजमापासह सिद्ध झाले.

आज परिस्थिती अशी आहे की, साध्या क्षयावर सहा महिन्यांचा उपचार असून त्याची औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. रोग्याच्या आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले. तरीही जगातील एकूण क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रोगी आपल्या देशात आहेत. ह्याची कारणे अनेक. दारिद्र्य त्यांत मुख्य. परंतु आपल्यासारख्या सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी कुटुंबांतही एक कारण ठाण मांडून बसले आहे, आणि ते म्हणजे लपवाछपवी.

शाळेत असताना पाहिलेले एक उदाहरण सांगतो. वर्गातील एका हुशार मुलीला हा रोग झाला. घरच्यांनी परगावी नेऊन औषध सुरू केले, दोन महिन्यांत तिचा खोकला थांबला, वजन वाढले. इतक्यात थोरल्या बहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. पाहुण्यांच्या दृष्टीस गोळ्या पडू नयेत म्हणून त्या बंद केल्या. लग्न थाटात पार पडले. पण वर्षभरात रोग उलटला, आणि तोही आधीच्या औषधांना न जुमानणारा. दीड वर्ष कडक उपचार सोसून ती वाचली, ही ईश्वराची कृपा. ह्यात तिच्या आईवडिलांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांना भीती वाटत होती ती कोणाची? रोगाची नव्हे; तुमची आमची. ‘त्या घरात क्षय आहे’ असे म्हणून स्थळ मोडणारे आपणच असतो.

ज्ञातिमंडळ हे विवाह जुळविणाऱ्या, एकमेकांच्या सुखदुःखात धावून जाणाऱ्या कुटुंबांचे मंडळ आहे. म्हणून ही गोष्ट येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. पुरा उपचार घेऊन बरा झालेला मुलगा वा मुलगी विवाहास, संसारास, अपत्यप्राप्तीस इतरांइतकीच योग्य असते. हा रोग कुळात वाहत नाही. तो ताटवाटीने वा कपड्यांनी पसरत नाही. फुप्फुसाचा क्षय झालेला रोगी खोकतो तेव्हा हवेतून पसरतो, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत हा धोका बहुतांशी ओसरतो. तोपर्यंत रोग्याने तोंडावर रुमाल धरावा, खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात, घरातील इतरांनी तपासून घ्यावे. एवढी सावधगिरी पुरे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन ह्यांपैकी काही दिसल्यास थुंकी तपासून घेण्यास क्षणाचाही विलंब करू नये, आणि बरे वाटू लागले म्हणून मुदतीपूर्वी एकही गोळी सोडू नये.

माधवरावांना आणि आनंदीबाईंना जे मिळाले नाही, ते आज तालुक्याच्या दवाखान्यात फुकट मिळते. चरकाने सांगितलेल्या चार पादांपैकी वैद्य व औषध हे दोन पाद सरकारने आणि शास्त्राने पुरविले आहेत. औषध शेवटपर्यंत घेण्याचा तिसरा पाद रोग्याने सांभाळावयाचा आहे. चौथा पाद, म्हणजे प्रेमाने शुश्रूषा करणारे माणूस, कोणत्याही सरकारला पुरविता येणार नाही. तो पाद प्रत्येक घराने आपल्या घरातून आणि प्रत्येक समाजाने आपल्या समाजातून द्यावयाचा असतो. तो देण्यात आपण कोणी उणे पडू नये, एवढीच सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती.